वाचकांचे प्रश्न : तेरा हजारांचा टॅब, वीस हजारांचा की पस्तीस हजारांचा?

दहावी-बारावीचे निकाल लागून नवे वर्ग सुरू झाले की या स्तंभाकडे टॅबविषयीची पत्रे वाढतात. या वेळी खान्देशातून आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण त्यातील पेच अनेक घरांतला आहे. येथे दिलेल्या किमती त्या त्या मॉडेलच्या भारतातील पदार्पणाच्या वेळच्या आहेत. दुकानातील आजचा भाव विचारूनच निर्णय घ्यावा.

प्रश्न : माझी मुलगी यंदा अकरावी विज्ञान शाखेत गेली असून ती एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या दोन्ही परीक्षांची तयारी करते. रेकॉर्ड केलेली व्याख्याने आणि पीडीएफ नोट्स ती आतापर्यंत आईच्या फोनवर पाहत आली आहे. रात्री डोळे दुखतात, अशी तिची तक्रार असते. दुकानात आम्हाला सॅमसंग गॅलेक्सी टॅब ए-९, वनप्लस पॅड गो आणि २०२५ चा आयपॅड असे तीन टॅब दाखवले. त्यांचे भाव साधारण तेरा, वीस आणि पस्तीस हजार आहेत. दुकानदाराचे म्हणणे असे की, जितके पैसे जास्त तितकी वस्तू चांगली. पस्तीस हजारांसाठी मला हप्ते बांधून घ्यावे लागतील. मुलीच्या शिक्षणात हात आखडता घेतला, असे पुढे वाटू नये. काय करावे?
— एक पालक, अमळनेर

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य मी दोनदा वाचले. ही भावना मनात असताना माणूस दुकानात उभा राहिला की, सर्वांत महागडी वस्तू घेणे हेच कर्तव्य वाटू लागते. म्हणून आधी एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. आपण इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातील असाल आणि आपले उत्पन्न नॉन-क्रिमिलेअरच्या मर्यादेत बसत असेल, तर नागपूरच्या महाज्योती संस्थेची योजना आधी पाहावी. दहावी उत्तीर्ण होऊन विज्ञान शाखेत प्रवेश घेतलेल्या आणि जेईई, नीट किंवा एमएचटी-सीईटीची तयारी करणाऱ्या निवडक विद्यार्थ्यांना या योजनेतून ऑनलाइन प्रशिक्षणाबरोबर टॅब आणि इंटरनेट डेटा विनामूल्य मिळतो. गुणांची अट, कागदपत्रे आणि अर्जाची मुदत त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत दिलेली असते. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र हाताशी असेल, तर आपला सगळा खर्च वाचू शकतो. त्यामुळे दुकानात जाण्यापूर्वी ही चौकशी झाली पाहिजे.

योजना लागू होत नसेल, तर पुढचा विचार पडद्यापासून सुरू करावा. टॅबचा आकार इंचांत सांगतात तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा, म्हणजे कर्णाचा असतो. त्यामुळे टॅब ए-९ चे ८.७ इंच आणि पॅड गोचे ११.३५ इंच हे आकडे एकमेकांच्या अगदी जवळचे वाटतात. प्रत्यक्ष फरक किती पडतो हे पाहण्यासाठी मी जुन्या दिनदर्शिकेच्या पुठ्ठ्यातून आपल्या तिन्ही मॉडेलांच्या पडद्यांच्या मापाचे आयत कापले. टॅब ए-९ चा आयत ११.३ सेंटिमीटर रुंद व १९ सेंटिमीटर उंच झाला, आयपॅडचा १५.८ बाय २२.७ आणि पॅड गोचा १६.८ बाय २३.५. ते सराव परीक्षेच्या ए-४ पानावर ठेवून पाहिल्यावर वेगळे काही सांगण्याची गरज उरली नाही. ए-४ पान २१ सेंटिमीटर रुंद असते. ते पूर्ण रुंदीने दाखवायचे तर टॅब ए-९ त्याला जवळपास निम्मे करतो, आयपॅड पाऊणपट करतो आणि पॅड गो चार पंचमांश ठेवतो. म्हणजेच १२ पॉइंटात (पॉइंट हे छापील अक्षराच्या आकाराचे माप) छापलेले अक्षर पहिल्यावर साडेसहा पॉइंटांचे, दुसऱ्यावर ९ पॉइंटांचे आणि तिसऱ्यावर साधारण साडेनऊ पॉइंटांचे दिसते. आईच्या फोनवर तेच अक्षर जेमतेम चार पॉइंटांचे होत असणार. रसायनशास्त्रातील सूत्रांच्या पायाशी असलेले बारीक आकडे आणि गणितातील घातांक त्याहूनही लहान असतात. डोळे का दुखतात, याचे उत्तर या मापात आहे. तरीही एकदा नेत्रतज्ज्ञांकडून नंबर तपासून घ्यावा, ही विनंती. असे पुठ्ठे आपणही कापून मुलीच्या हातात द्यावेत. पाच मिनिटांचे काम आहे.

पॅड गोच्या पडद्याचे प्रमाण ७:५ आहे आणि ए-४ कागदाचे प्रमाणही जवळजवळ तेच असते. त्यामुळे उभ्या पडद्यावर छापील पान वरपासून खालपर्यंत व्यवस्थित बसते. व्हिडिओ पाहताना मात्र वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात. मुलगी दिवसातून अधिक वेळ व्याख्याने पाहते की नोट्स वाचते, हे तिलाच विचारावे. माझा अनुभव असा की, अकरावीत व्हिडिओ जास्त पाहिले जातात आणि बारावीच्या डिसेंबरनंतर पीडीएफ व सराव परीक्षा जास्त.

यानंतर मेमरीचा मुद्दा येतो. टॅब ए-९ च्या प्राथमिक मॉडेलमध्ये ४ जीबी रॅम (उघडलेली कामे सांभाळणारी तात्पुरती मेमरी) आणि ६४ जीबी साठवण आहे. एका बाजूला व्याख्यान थांबवून पीडीएफ उघडली आणि पुन्हा व्याख्यानाकडे आले की, ४ जीबीच्या टॅबमध्ये व्हिडिओ बऱ्याचदा नव्याने लोड होतो. दिवसातून वीस वेळा असे झाले, तर अभ्यासाची लय मोडते. पॅड गोमध्ये ८ जीबी रॅम आहे. अॅपल या आयपॅडमधील रॅमचा आकडा जाहिरातीत देत नाही आणि आयपॅडची कार्यप्रणाली मेमरी वेगळ्या रीतीने हाताळते, त्यामुळे तेथे केवळ आकड्यांची तुलना करू नये. साठवणीच्या बाबतीत पहिल्या दोन्ही टॅबमध्ये मेमरी कार्ड बसते, आयपॅडमध्ये बसत नाही. तथापि २०२५ च्या आयपॅडची साठवण १२८ जीबीपासून सुरू होते, आणि ती विद्यार्थ्याला पुरते.

मग पस्तीस हजारांत जास्तीचे काय मिळते? मुख्यतः तीन गोष्टी. पहिली म्हणजे प्रक्रिया करणारी चिप कितीतरी वेगवान आहे, जिचा उपयोग चित्रकला, व्हिडिओ संपादन किंवा जड खेळ यांत होतो. व्याख्याने आणि पीडीएफ यांसाठी तिचा फारसा उपयोग नाही. दुसरी म्हणजे कार्यप्रणालीचे नवे अवतार अधिक वर्षे मिळतात. २०१९ च्या सातव्या पिढीच्या आयपॅडला २०२४ चे आयपॅडओएस १८ मिळाले, आणि इतकी वर्षे सांभाळणारे स्वस्त अँड्रॉइड टॅब विरळा. तिसरी, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, म्हणजे पेनने लिहिण्याची सोय.

येथे थोडे थांबतो, कारण दुकानात हा मुद्दा कोणी काढत नाही आणि घरी आल्यावर लक्षात येतो. पॅड गोवर कंपनीचे पेन चालत नाही. बाजारात मिळणारे शंभर-दोनशे रुपयांचे रबरी टोकाचे पेन म्हणजे बोटाचाच एक प्रकार आहे. त्याने गणिताची उदाहरणे सोडवता येत नाहीत आणि तळहात पडद्याला टेकला की नको तिथे रेघ उमटते. आयपॅडवर पेन उत्तम चालते, पण ते खोक्यात येत नाही. सर्वांत स्वस्त यूएसबी-सी अॅपल पेन्सिल भारतात ७,९०० रुपयांना आली. म्हणजे ३४,९०० रुपयांचा आयपॅड प्रत्यक्षात ४२,८०० रुपयांना पडतो, कव्हर वेगळे. पेनने लिहिणे हीच मुलीची खरी गरज असेल, तर सॅमसंग गॅलेक्सी टॅब एस-९ एफई हेही मॉडेल पाहावे. २०२३ मध्ये ते ३६,९९९ रुपयांना आले आणि त्याचे एस-पेन खोक्यातच मिळते.

परंतु पडद्यावर लिहिण्याची तिला गरज आहे का? जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी या दोन्ही परीक्षा संगणकावर होतात हे खरे, पण आकडेमोड कच्च्या कागदावर पेनानेच करायची असते. दोन वर्षे कागदावर उदाहरणे सोडवण्याचा सराव हाच परीक्षेला उपयोगी पडणारा सराव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. टॅब वाचण्यासाठी व ऐकण्यासाठी असावा आणि लिहिण्यासाठी दोनशे पानी वह्या असाव्यात.

तेव्हा आपल्यासाठी मी मधल्या किमतीचा टॅब सुचवतो. तेरा हजारांचा लहान टॅब वाईट नाही. गॅलेक्सी टॅब ए-९ चे वजन ३३२ ग्रॅम आहे, तो एका हातात राहतो आणि पाचवी-सहावीच्या मुलाला पुरतो. पण आपल्याला ए-४ पान वाचायचे आहे आणि तो त्या कामाचा नाही. आयपॅड सर्व बाजूंनी चांगला आहे, पण आपल्या घरातील कामाला त्याचे वरचे पंधरा हजार लागत नाहीत. शिवाय ‘बिनव्याजी’ हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या हिशेबावरील जीएसटी पुष्कळदा वेगळा लागतो. विकत घेण्यापूर्वी मुलीला सोबत घेऊन जावे, तिच्या शिकवणीची एक पीडीएफ पेन ड्राइव्हवर किंवा ई-मेलमध्ये न्यावी आणि ती दुकानातील टॅबवर उभी धरून तिला पाच मिनिटे वाचू द्यावी. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी दोन-तीन मॉडेले शेजारी शेजारी ठेवून हे करता येते. त्यासाठी अमळनेरहून अर्ध्या दिवसाची फेरी करणे योग्य ठरेल. अंतिम निवड तिच्या डोळ्यांनी करावी.

प्रश्न : ऑनलाइन सात हजार रुपयांत १२ जीबी रॅम, ५१२ जीबी साठवण आणि सोबत कीबोर्ड असा टॅब दिसतो. कंपनीचे नाव कधी ऐकलेले नाही. घ्यावा का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : घेऊ नये. दोन वर्षांपूर्वी भाच्यासाठी मी स्वतः असाच एक टॅब मागवला होता. सेटिंग्जमध्ये रॅम आणि साठवण जाहिरातीप्रमाणेच दिसत होती. भाच्याने शिकवणीचे व्हिडिओ त्यात भरायला सुरुवात केली आणि काही दिवसांनी आधी भरलेले व्हिडिओ उघडेनासे झाले. फाइलचे नाव दिसे, आकार दिसे, पण आत काहीच नसे. यंत्रात खरी साठवण थोडीच होती आणि आकडा फुगवून दाखवलेला होता. विक्रेत्याने परतीची मुदत संपल्याचे सांगून हात वर केले. भाच्याची दोन महिन्यांची टिपणे त्यात गेली, याची रुखरुख मला आजही आहे.

आकडा कसा तयार झाला, हे नेहमी विचारावे. नामांकित कंपन्यासुद्धा ‘८ + ८ जीबी’ असे छापतात, तेव्हा दुसरे ८ जीबी हे साठवणीतील उसने घेतलेले असतात आणि खऱ्या रॅमपेक्षा ते पुष्कळ हळू चालतात. फक्त पहिला आकडा धरावा. टॅब हातात आल्यावर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ या भागात ‘डिव्हाइस इज सर्टिफाइड’ असे लिहिलेले आहे का, ते पाहावे. यंत्रावर किंवा खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असला पाहिजे, कारण टॅबसाठी ही नोंदणी सक्तीची आहे. जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल घ्यावे. फसवणूक झालीच, तर परतीची मुदत संपण्याची वाट न पाहता लगेच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. जुनी, स्कॅन केलेली मराठी पुस्तके वाचण्यासाठी टॅब हवा आहे. पंधरा-वीस हजारांपर्यंत खर्च करू शकतो.
— एक वाचक, धुळे

उत्तर : इतिहास संशोधनासाठी नावाजलेल्या राजवाडे संशोधन मंडळाच्या गावातून असा प्रश्न यावा, याचा आनंद वाटला. स्कॅन केलेले पुस्तक म्हणजे पानांची छायाचित्रे असतात. त्यातील अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान डावीकडे-उजवीकडे सरकवावे लागते. म्हणून आपल्याला मोठाच पडदा घ्यावा लागेल. १० इंचांच्या खाली जाऊ नये. वेगवान चिप, कॅमेरा, सिम यांवर एक रुपयाही जास्त देऊ नये.

जुन्या पुस्तकांत चारही बाजूंना रुंद समास सोडलेला असतो. समास कापून दाखवण्याची सोय असलेले पीडीएफ वाचण्याचे अॅप घेतले, तर तेवढ्याच पडद्यावर अक्षर बरेच मोठे होते आणि मग वेलांट्या, रफार, जोडाक्षरे सुटी सुटी दिसतात. ही सोय फुकट मिळते आणि कित्येकदा पाच हजार जास्त देण्यापेक्षा तिचा उपयोग अधिक होतो. वजनाचा विचार मात्र करावा. अकरा इंचांच्या पुढचे टॅब साधारण अर्धा किलोचे असतात. वनप्लस पॅड गो ५३२ ग्रॅमचा आहे. आडवे पडून तो छातीवर धरून वाचल्यास मनगट दुखते. पोथी ठेवण्याचा लाकडी रेहाळ घरात असेल, तर टॅब त्यावर ठेवावा. त्याहून चांगला स्टँड मी अजून पाहिलेला नाही.

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची केळीची शेती आहे. ठिबकचे वेळापत्रक, मजुरीचा हिशेब, ई-पीक पाहणी आणि बाजारभाव या सगळ्यांसाठी शेतात वापरता येईल असा टॅब सुचवा. पाण्यात टिकणारा असल्यास उत्तम.
— एक शेतकरी, रावेर

उत्तर : शेतात टॅब नेऊ नये, असा माझा सल्ला आहे. ई-पीक पाहणीसाठी आपल्या गट क्रमांकाच्या शेतात उभे राहून छायाचित्र काढावे लागते आणि यंत्राला आपले ठिकाण अचूक कळावे लागते. हे काम फोनवर उत्तम होते. याउलट केवळ वाय-फायवर चालणाऱ्या काही टॅबमध्ये जीपीएस नसते. वाय-फायच्या आयपॅडमध्येही नसते. शिवाय टॅबचा पडदा उन्हात पुरेसा उजळ दिसत नाही. बागेच्या सावलीत निभावते, बांधावर नाही.

उष्णतेचा प्रश्न त्याहून मोठा आहे. अॅपल आपला आयपॅड ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरण्यास सांगते, आणि इतर टॅबमधील लिथियम बॅटरीचा स्वभावही काही निराळा नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि उभ्या मोटारीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून अधिक. अशा वेळी टॅब चार्जिंग थांबवतो, पडदा मंद करतो आणि बॅटरीचे आयुष्य कायमचे घटते. उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री चार्ज करावा, तेव्हा जाड कव्हर काढून ठेवावे आणि गादी-उशीवर तो कधीही ठेवू नये. हे शेतकऱ्यांइतकेच विद्यार्थ्यांनाही लागू आहे.

आयपी-६८ असे लिहिलेला टॅब स्वच्छ पाण्यात ठरावीक खोलीपर्यंत आणि ठरावीक वेळ तग धरतो. ठिबकमधून सोडायचे विद्राव्य खत किंवा फवारणीचे औषध यांसाठी ती चाचणी नसते आणि पाण्याने झालेले नुकसान बहुधा वॉरंटीत बसत नाही. तेव्हा शेतात फोन न्यावा आणि हिशेबासाठी अकरा इंचांचा साधा टॅब घरी ओट्यावर ठेवावा. मजुरीचा तक्ता दोन्हीकडे एकच राहील, अशी सोय गुगल शीट्समध्ये आहे.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातील एका पाड्यावर शिक्षिका आहे. नेटवर्क कधी असते, कधी नसते; वीजही तशीच. स्वतःच्या पैशांतून मुलांना दाखवण्यासाठी एक टॅब घेणार आहे. सिमवाला घ्यावा का? जुना आयपॅड नऊ हजारांत मिळतो आहे, तो चालेल का?
— एक शिक्षिका, धडगाव

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. आपण पाठवलेल्या छायाचित्रावरून तो २०१९ चा सातव्या पिढीचा आयपॅड आहे. २०२५ मध्ये आलेले आयपॅडओएस २६ त्यावर चढत नाही, त्यामुळे पुढे एकेक अॅप त्यावर चालेनासे होईल. त्यात मेमरी कार्डही बसत नाही. आपण तो घेऊ नये.

सिमवाल्या टॅबसाठी दोन-तीन हजार जास्त पडतात. आपल्या फोनला जिथे नेटवर्क मिळत नाही, तिथे त्याच कंपनीचे सिम टॅबमध्ये घालून ते मिळणार नाही. फोनच्या हॉटस्पॉटवर काम भागते. ते पैसे मोठ्या मेमरी कार्डासाठी ठेवावेत. तालुक्याच्या ठिकाणी आल्यावर बालभारतीच्या संकेतस्थळावरून पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ आणि दीक्षा अॅपमधील पाठ उतरवून घ्यावेत. दोन्ही विनामूल्य आहेत आणि नंतर इंटरनेटशिवाय उघडतात. पाड्यावर परतण्यापूर्वी फोन व टॅब दोन्हींचे इंटरनेट बंद करून प्रत्येक पाठ एकदा उघडून पाहावा. अर्धवट उतरलेला पाठ वर्गातच लक्षात आला, तर मुलांचा हिरमोड होतो.

मॉडेलांमध्ये रेडमी पॅड एसई हे आपल्या कामाचे आहे. २०२४ मध्ये ते १२,९९९ रुपयांना आले. पडदा ११ इंचांचा, बॅटरी ८,००० एमएएच, मेमरी कार्डाची जागा आणि स्पीकरसाठी जुन्या पद्धतीची गोल पिन, असे सगळे त्यात आहे. चिप सामान्य आहे, पण पाठ दाखवण्यास ती पुरते. सोबत २०,००० एमएएचची पॉवर बँक घ्यावी. चार्ज करताना वाया जाणारी वीज धरूनही ती हा टॅब एकदा पूर्ण आणि पुन्हा निम्म्याहून अधिक भरते, म्हणजे वीज दोन दिवस गेली तरी वर्ग थांबत नाही. पंचवीस मुलांना एक पडदा पुरवायचा असल्याने टॅब भिंतीशी टेकवून मुलांना अर्धवर्तुळात बसवावे आणि आवाजासाठी गोल पिनचा छोटा स्पीकर जोडावा. स्वतःच्या पगारातून आपण हे करत आहात. आपल्याला कोणते पाठ उपयोगी पडले, ते आम्हाला अवश्य कळवावे. त्यांची यादी या स्तंभात छापू.